देवाची लाडकी, कामाची मोडकी

१२ मे

धाकटे,

वर आशीर्वाद लिहावा की नको, याचा विचार करता करता चहा गार झाला. शेवटी म्हटलं, नुसतं ‘धाकटे’ पुरे. रागावलेली असलीस तरी धाकटीच आहेस, ते काही तुझ्या हातात नाही.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. जायला आता आपल्या दोघींशिवाय उरलंय तरी कोण? काम आहे म्हणून लिहितेय. दुकानात एक गिऱ्हाईक आलंय, म्हातारी बाई. तिला उशीच्या अभ्र्यावर चार ओळींची प्रार्थना भरून हवी आहे. साधी हवी, पोथीतली नको म्हणते. मला आईचं ते सकाळचं आठवलं. दुकान उघडायच्या आधी मशीनवर हात ठेवून म्हणायची ते. आई गेल्यावर तू म्हणायचीस.

पहिलं मला येतं. ‘उजाडलं, आभार. हात चालतात, आभार.’ पुढचं काही केल्या आठवत नाही. आठवणार कुठून? आईच्या ओठांत तेव्हा टाचण्या असायच्या. पुढचं सगळं मला ‘म्हं म्हं म्हं’ एवढंच ऐकू यायचं. तू तिच्या मांडीला चिकटून तिच्या तोंडाकडे बघत बसायचीस, म्हणून तुला ते आलं. मी तेव्हा शटरची कुलपं काढत असायचे. कुणीतरी दुकान उघडायला हवंच होतं ना?

तर त्या ओळी एका कार्डावर लिहून पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

दुकान ठीक आहे. शाळा उघडायच्या आधीची गर्दी तुला ठाऊकच आहे, गणवेशांचे ढीग. यंदा मी कमीच घेतलेत. चष्म्याचा नंबर वाढला असावा, सुईत दोरा ओवायला फार वेळ लागतो. केस अगदी बारीक केलेत, उकाड्यात बरं पडतं. कपडे जरा सैल झालेत. पण शिवणारणीला त्याचं काय? चार टाके आत घेतले की झालं.

थोरली


२७ जून

धाकटे,

कार्ड मिळालं. चार ओळी, आणि खाली बारीक अक्षरात, ‘कोणतं गिऱ्हाईक? तू भरतकाम कधीपासून करायला लागलीस?’ झालं. इतक्या वर्षांनी बहिणीला लिहायचं तर एवढंच सुचलं तुला.

पण ओळी वाचल्या. ‘चुकलं ते उसवायला धीर दे. उसवलं ते शिवायला दोरा दे.’ मी मशीनवर बसल्या बसल्या मोठ्यानं हसले. जन्मभर मला वाटत होतं, आई त्या टाचण्यांमागून मोक्ष-बिक्ष मागत असणार. आणि मागायची काय, तर दोरा! देवाच्या दारात जाऊन कुणी दोऱ्याचं रीळ मागतं का गं? हसले आणि मग कार्ड परत परत वाचलं. दारात एक माणूस पँट घेऊन उभा होता, तो मला दिसलाच नाही.

बरं, खरं सांगते. गिऱ्हाईक नाही. माझी शेजारीण आहे, वरच्या मजल्यावरची. तिला कॅन्सर झालाय, छातीचा. तिचं कुणी नाही म्हणून केमोला मी नेते तिला. लांबट खोली आहे. भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपाशी सलाईनचा खांब, बहुतेकांच्या डोक्याला रुमाल. दुपारभर थेंब थेंब औषध अंगात जात राहतं. बोलायचा जीव कुणाला नसतो.

ही शेजारीण डोळे मिटून बसते आणि तिचे ओठ आपले हलत राहतात. एकटीनं राहून राहून लागलेली सवय. तिच्या बाजूच्या खुर्चीवर एक म्हातारी असते. कापडाच्या कारखान्यात तिनं जन्मभर माग चालवले. तिला सगळे मागवाली मावशी म्हणतात. तिला गळ्याचं दुखणं, आवाज म्हणजे नुसता वारा. पण बोलते खूप. ओठ मोठे मोठे हलवून बोलते आणि आपण तोंडाकडे बघत राहिलं की कळतं. कारखान्यात मागांच्या खडखडाटात कान कामाचे नसतात, तिथं सगळ्या बायका अशाच बोलायच्या म्हणे.

तर एकदा या मावशीनं शेजारणीच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘माझ्यासाठी पण म्हण गं.’ तिला वाटलं, ही प्रार्थना म्हणतेय. शेजारणीला नाही म्हणायचं होतं. तोंडातून ‘हो’ गेलं. पुढच्या खेपेला पलीकडचा बस कंडक्टर म्हणाला, ‘बाई, आमच्याही नावानं दोन शब्द होऊ द्या.’ आता ती अख्खी खोली तिला मोठी देवमाणूस समजते. त्या बिचारीला एक ओळ धड येत नाही. म्हणून तुझ्याकडून मागवून घेतली. फिटली शंका?

पाऊस चालू आहे. दुकानात दमट कापडाचा वास येतो. दप्तरांच्या चेनी, रेनकोटाच्या टोप्या, हेच काम. रेनकोटाला सुईचं भोक पडलं की पाणी तिथूनच आत येतं, हे लोकांना कितीदा सांगितलं तरी पटत नाही.

थोरली


९ ऑगस्ट

धाकटे,

‘कोणती शेजारीण? वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी आहे.’

कार्ड वाचलं आणि तुझा असा राग आला म्हणून सांगू! घर सोडून गेलीस, पण गच्चीवर काय आहे ते बरं लक्षात ठेवलंस.

हरले मी. टाकीच आहे वर. शेजारीण नाही, कुणी नाही. मला झालाय कॅन्सर.

लिहून झालं, आता बरं वाटतंय. उन्हाळ्याच्या सुरुवातीला स्वतःला ब्लाऊज बेतत होते. आरशासमोर टेपनं माप घेताना बोटाला गाठ लागली. आधी वाटलं, टेपच दुमडला असेल. टेप काढून नीट धरला, तरी ती तिथंच. हजार बायकांची मापं घेतली, कुणाचा खांदा खाली आहे, कुणाची पाठ वाकली आहे, सगळं नजरेनं कळतं मला. स्वतःकडे बघायला मात्र वेळ झाला नाही.

चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. औषधानं बोटं बधिर झाली आहेत. सुई बोटात आहे की नाही ते बघावं लागतं. केस मी कापले नाहीत, गेले. सगळं खोटं लिहिलं तुला, एकेक ओळ. तुला कळवायची लाज वाटली. आजाराची नव्हे. आजार कुणालाही होतो. तुला गरज म्हणून हाक मारायची, त्याची लाज.

आता तू मनात म्हणत असशील, बघा, आली शेवटी देवाच्या दारी. तसं काही समजू नकोस. मी अजून तीच आहे. सुंभ जळेल, पीळ जळणार नाही. त्या दिवशी मी काय बोलले ते तुला पाठ असणार, मलाही आहे. शाळा उघडायला आल्या होत्या, शर्टांचा ढीग पडला होता, काजं व्हायची होती, बाहेर आईबाप रांग लावून उभे, आणि तू मशीनवर हात ठेवून डोळे मिटून बसलेली. मी म्हटलं, ‘तुझ्या जपानं आई वाचली का? नाही ना? मग ऊठ. नाहीतर देवालाच काजं करायला सांग.’ तू उठलीस, चप्पल घातलीस आणि गेलीस. काजं राहिली. ती मी रात्र जागून केली आणि प्रत्येक काजाला तुला एक शिवी घातली. ती अजून चालू आहे म्हण ना.

चुकलं माझं, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. तूसुद्धा चुकलीसच.

येऊ नकोस. मी उभी आहे, स्वयंपाक करते, दुकान अर्धा दिवस उघडते. कुणी कीव करायला नको आहे मला.

थोरली


५ ऑक्टोबर

धाकटे,

‘मी येऊ?’ एवढे दोनच शब्द. इतकी वर्षं वाट बघायला लावून दोन शब्द, आणि तेही मी आधीच नको म्हटल्यावर.

नको. पण या वेळी का नको, ते खरं सांगते. कागद पुढे घेऊन दोनदा उठले, पाणी प्यायले, परत बसले. तोंड लपवायला जागा नाही असं म्हणतात ना, तसं झालंय.

त्या खोलीत माझे ओठ हलतात, हे खरं. पण मी प्रार्थना म्हणत नव्हते गं. मी तुझ्याशी भांडत असते. तू गेलीस तेव्हा जे बोलायचं राहिलं, ते मी रोज जुळवते. तू असं म्हटलंस तर मी तसं म्हणेन, मग तू रडशील, मग मी म्हणेन आता रडून काय उपयोग. सुरुवात नेहमी एकाच वाक्यानं होते: ‘देवाची लाडकी, कामाची मोडकी.’ यमक जुळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. तुला तोंडावर कधी म्हणता आलं नाही, त्याआधीच तू गेलीस. मग पुढे भवाने, नाटकी, आयतोबा, सगळं येतं. आणि समोर बसलेली माणसं ते बघून हात जोडतात! मावशी म्हणते, माझ्यासाठी पण म्हण. तुला घातलेल्या शिव्यांत तिचा वाटा मागते ती म्हातारी!

पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. पुढच्या खेपेला सगळ्यांनी खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवली होती. तिथं उजेड असतो, बाहेरचं झाड दिसतं. सगळ्यांना हवी असते ती खुर्ची. ‘तुम्ही बसा बाई, तुम्हाला शांतता लागते.’ आणि मी बसले. माझी लायकी काय ते मला ठाऊक होतं, तरी बसले. वर चांगलं वाटलं, हे जास्त वाईट. जन्मात कुणी मला मानानं खुर्ची दिली नव्हती. मी खुर्ची देणारी बाई, बसा साहेब, पँट किती आखूड करू.

कंडक्टरचा रिपोर्ट चांगला आला. तो पिशवीभर संत्री घेऊन माझ्याकडे आला आणि पाया पडायला वाकला. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस! मी पाय ओढून घेतले, तर म्हणाला, ‘बघा, किती नम्र!’ मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. संत्री मात्र खाल्ली. तोंडाला चव नव्हती, आंबट तेवढं लागत होतं. एकही टाकलं नाही.

आता कळलं का येऊ नकोस? तू आलीस की विचारशील, काय म्हणतेस गं एवढं? मला तुझ्यासमोर खोटं बोलता येत नाही, ते टाकीच्या वेळी बघितलंच. मग त्या सगळ्यांना कळेल. ज्यांचे केस गेले, भूक गेली, आवाज गेला, त्यांच्याकडे माझ्या ओठांवरचा भरवसा तेवढा उरलाय. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि काडी ही अशी!

एक केलंय. तुझं कार्ड पर्समध्ये ठेवते. सलाईन लागली की आधी नेहमीचं भांडण होतं. ते थांबवून थांबत नाही, त्याला मी काय करू? ते झालं की त्या चार ओळी म्हणते. मग एकेकाला आठवते. मावशी, कंडक्टर, नर्स, जिच्या टाचा दुखतात ती. नाव ठाऊक नसलं तर ‘निळा रुमाल’ म्हणते. कुणाला म्हणते ते मला ठाऊक नाही. देव मानते म्हणून म्हणत नाही, मावशीला कबूल केलं म्हणून म्हणते. घेतलेलं काम पुरं करायचं, एवढंच मला येतं.

खिडकीबाहेरचं ते झाड आता पिवळं पडायला लागलंय. दुकानात लोक लग्नसराईसाठी कपाटातले कोट काढून आणताहेत. गेल्या वर्षी बसत होता, या वर्षी बसत नाही. कोट तसाच असतो, माणसं बदलतात.

थोरली


१९ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं कार्ड आलं नाही. शिव्यांचं वाचून रागावली असशील तर तुझा हक्क आहे.

आज एक झालं, ते तुलाच सांगावंसं वाटलं. थंडी पडली आहे. सकाळी कोटाचं बटण लावत होते. बोटं अजून बधिर, त्यामुळे नुसतं डोळ्यांनी काम चाललेलं. आणि एकदम टोचलं. अंगठ्याजवळच्या बोटात सुई चांगली खोल गेली आणि कळ आली. कळ! किती महिन्यांनी त्या बोटात काही कळलं मला. रक्ताचा थेंब आला, मी बघत राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, ‘आभार!’ समोर कोटाची मालकीण उभी. ती म्हणाली, ‘अहो, टोचलं ना तुम्हाला?’ मी म्हटलं, ‘टोचलं ना! टोचलं!’ आणि मी रडायला लागले. तिला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं. कोट तसाच घेऊन चालली होती, मी ओढून ठेवून घेतला.

तेव्हा आईचं कळलं मला. ‘हात चालतात, आभार’ हे मी जन्मभर ऐकलं आणि मनात म्हटलं, हात चालायचेच, त्यात आभार कसले. तुझं ते डोळे मिटून बसणं मला कामचुकारपणा वाटायचं. असेलही थोडा. सगळाच नव्हता. मी उगाच बोलले तुला. आईवरून तर बोलायलाच नको होतं. आई गेली तेव्हा तू तिचे हात धरून बसली होतीस आणि मी बाहेर डॉक्टरशी भांडत होते. तिला कोणाचा उपयोग झाला, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच बोलले. लाज वाटते धाकटे, फार वाटते. आता खोडत नाही.

पुढचं ऐक, ते आणखी वाईट आहे. माझी गाठ आकसली. डॉक्टर म्हणाले, औषधानं चांगलं काम केलं, आता ऑपरेशन करून टाकू. त्याच आठवड्यात मावशीचं औषध बंद केलं. उपयोग होत नाही म्हणाले, घरी न्या. तिची सून माझ्याकडे आली, डोळे सुजलेले. ‘बाई, तुमच्या म्हणण्यात जोर आहे. तुमची स्वतःची गाठ विरघळली. सासूबाईंसाठी जरा जास्त म्हणाल का?’

मी मान हलवली. माझ्या वाट्याला चांगलं आलं, याची इतकी लाज मला कधी वाटेल असं वाटलं नव्हतं. रांगेत पुढे घुसून कुणाचं तरी काहीतरी घेऊन आले, असं वाटत राहतं.

घरी येऊन त्या रात्री पहिल्यांदा तुला शिव्या न देता नुसतं मावशीचंच म्हटलं. जमलं नाही. शिव्यांशिवाय सुरुवातच होईना. मग म्हटलं, बरं बाई, ‘देवाची लाडकी, कामाची मोडकी,’ आणि पुढचं सुरळीत आलं.

थोरली


३ डिसेंबर

धाकटे,

हे पत्र वाचायला बसताना पाण्याचा तांब्या जवळ घे. हसशील की रडशील मला ठाऊक नाही. माझं दोन्ही एकदमच झालं.

काल शेवटची केमो होती. मावशीला सगळ्यांचा निरोप घ्यायचा होता म्हणून सून तिला गाडीनं घेऊन आली होती. मी ठरवूनच गेले होते की आज खरं सांगायचं. मरणाऱ्या माणसाला खोटं घेऊन पाठवायचं नाही. ती व्हीलचेअरवरून माझ्या खुर्चीपाशी आली. हात किती हलका झाला होता तिचा! मी म्हटलं, ‘मावशी, तुम्हाला एक सांगायचंय. मी जे म्हणत होते ना...’ आणि मागे सून उभी, तिचे ते डोळे. मी म्हटलं, ‘मी म्हणत राहीन.’ झालं. एवढंच. मावशीनं माझ्या तोंडाकडे एकटक बघितलं, माझा गाल थोपटला आणि निघाली.

हाताला सलाईन, उठता येईना. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती. खिडकीतून बघितलं तर खाली गाडी उभी होती. मावशीला पुढच्या सीटवर बसवलेलं. झाडाची पानं सगळी गेली आहेत, त्यामुळे सगळं स्पष्ट दिसत होतं. आपला पहिला मजलाच, फार उंच नाही. तिनं मान वर केली आणि मला शोधलं. थंडीमुळे खिडकी बंद, गाडीचीही काच वर. तिनं बोट दाखवलं, माझं लक्ष आहे ना म्हणून. मग ओठ मोठे मोठे हलवून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

‘देवाची लाडकी. कामाची मोडकी.’

मला आधी वाटलं, मलाच भास झाला. तिनं परत म्हटलं. आणि मग ती हसली गं. आवाज नाही, दात नाहीत, नुसते खांदे हलत होते. नंतर हातानं खूण केली, ‘बोलाव, बोलाव,’ जशी लांब गेलेल्या पोराला आई करते.

सून शाल विसरली होती, ती घ्यायला वर आली. मी तिचा हात धरला. ‘मावशी आत्ता काय म्हणाल्या?’ ती संकोचली. म्हणाली, ‘रागावू नका हं. सासूबाई पस्तीस वर्षं मागावर होत्या, ओठ बघूनच बोलायच्या. तुमची सगळी भांडणं त्यांनी पहिल्या दिवसापासून वाचली आहेत. घरी येऊन आम्हाला नक्कल करून दाखवायच्या. आज बहिणीला काय म्हणाली, उद्या काय म्हणेल. आम्ही त्याचीच वाट बघायचो. बाकी दिवसभर त्या घरात हसायच्या कुठं?’

मी म्हटलं, ‘मग मला प्रार्थना म्हण असं का सांगायच्या? आणि तुम्ही त्या दिवशी जास्त म्हणा म्हणालात ते?’

‘त्यांनी प्रार्थना कधी मागितलीच नाही, तुमचं भांडणच मागितलं. मी मात्र ते मनापासून म्हटलं. तुम्ही नंतर खरंच म्हणायला लागलात, तेही त्यांनी ओठांवरून वाचलं होतं. चार ओळी, मग सगळ्यांची नावं. आम्हाला पाठ आहेत त्या ओळी आता. सकाळी चहा ठेवताना म्हणतो आम्ही.’ मग शालीची घडी घालत म्हणाली, ‘सासूबाई पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या होत्या, ती बाई बहिणीशी भांडतेय, आणि जिचं भांडण अर्धं राहिलंय तिला मरण शिवत नाही. मी आता तिच्याच शेजारी बसणार.’

खालून हॉर्न वाजला. ती शाल घेऊन पळाली.

म्हणजे बघ, मी त्यांना फसवतेय म्हणून इतके महिने लाजेनं मरत होते, आणि ती म्हातारी सगळं वाचून माझ्याशेजारी बसत होती. मी खुर्ची चोरली नव्हती, तिनं मला दिली होती. तरी लाज गेली असं समजू नकोस. आता दुसरी वाटते. ती माझ्या तोंडाकडे रोज बघत होती, आणि मी एकदाही तिच्याकडे बघून विचारलं नाही की मावशी, तुमचं कसं आहे. भांडणात गुंग होते.

नर्स आली, सलाईन काढली. म्हणाली, ‘ऑपरेशनला सोबत घरचं माणूस लागेल हं. कोण येईल?’ नेहमी म्हणते तसं ‘कुणी नाही’ म्हणणार होते. तोंडातून निघालं, ‘बहीण आहे.’

तर धाकटे, ये. या महिन्याच्या सतराला ऑपरेशन आहे. मी बोलावतेय, गरज आहे म्हणून, आणि तशी हाक मारायची लाज वाटतेय तरी. शटरची कुलपं आता माझ्यानं निघत नाहीत, ती तू काढ. मी मशीनवर हात ठेवून बसेन. तुझ्या मशीनला तेल घालून ठेवलंय. त्याच्यावर कापडाचे तुकडे टाकत होते मी इतकी वर्षं, ते काल उचलले.

आल्यावर तू पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यात पडशील, रडशील, झालं गेलं गंगेला मिळालं म्हणशील. मी ओळखते तुला. तेवढं करू नकोस, पाया पडते तुझ्या. मला काजांचं विचार. मी का बोलले ते विचार. चांगली भांड. आणि सगळं मिटवू नकोस गं, थोडं अर्धं राहू दे.

तुझी
थोरली